न बोलता दिलेलं पान

ऐकारुवाबद्दल बोलायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ती बाई मला कधीच फारशी आवडली नाही. आमच्या केळीच्या बागा एकमेकींना लागून, चर्चमधल्या दृढीकरणाच्या वर्गात आम्ही एका बाकावर, नवरेही दोघींचे एकाच वर्षी गेले. पण आवड वेगळी आणि सोबत वेगळी. साठ वर्षं सोबत केली तिची, कुरकुरत.

खोड एकच. तिला खोटं बोलता येत नाही. फार पुण्यवान आहे म्हणून नव्हे हो. काही माणसांना शिट्टी वाजवता येत नाही ना, तसं. माझ्या लग्नात सासूने सगळ्या बायकांना विचारलं, "मटोरी कशी झालीय?" केळी आणि हाडांचा तो रस्सा सगळ्याजणी बोटं चाटत खात होत्या. ही म्हणाली, "केळी कच्ची राहिलीत. आणि हाडं परवाची दिसतायत." माझ्या माहेरून आलेली हाडं ती! सासूने पुढं दहा वर्षं ती हाडं मला ऐकवली.

तिला चर्चच्या मंडळीत पंच केलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, आता हिच्या हातात काठीच आली. पण तसं झालं नाही, आणि हे मला कबूल करायला हवं.

आमच्या मंडळीत जो भटकला त्याला प्रभुभोजन बंद, भाकरीही नाही आणि पेलाही नाही. तसाच मेला तर घंटा नाही, पाळकाचा झगा नाही, बँड नाही. परत यायचं असेल तर रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, मी चुकलो, मला कळपात घ्या. सोपं वाटतं ऐकायला. तीनशे माणसं टक लावून बघत असतात, त्यांतली निम्मी तुमची भाऊबंद. भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. शाळेतल्या एका मास्तराने दुसरी बायको केली होती, तिला सोडून तो परत आला. ऐकारुवाने त्याला दारातच गाठलं आणि तोंडावर विचारलं, "लाज नाही वाटली तुला? घरात चार पोरं असताना?" मास्तर रडकुंडीला आला. आणि नाव पुकारल्यावर तो पुढं गेला, तर ही उठली आणि जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तो खाली बसू नये, म्हणून हिने मागून त्याचा कोट मुठीत धरून ठेवला होता. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून जो कुणी उभा राहील त्याच्या शेजारी ही. आधी झापायची, मग उभी राहायची.

तर अशा बाईचा सख्खा भाऊ बारा वर्षं कळपाबाहेर होता, आणि त्याला बाहेर काढलं ते हिच्या शब्दाने.

सिफुएली तिच्याहून सात वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून हिनेच त्याला पाठीला बांधून वाढवलं. मोठा झाल्यावर तो मंडळीच्या बँडमध्ये सगळ्यांत मोठा भोंगा वाजवायचा, तो पोटाशी धरतात ना, तो. गाल असे फुगायचे की पोरं खिदळायची. हसरा माणूस. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भावजी. बायको बाळंतपणात गेली, मागं एकच मुलगी राहिली, हाइका. नऊ वर्षांची झाली आणि तिला रक्ताचा आजार निघाला. खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या.

बाप होता तो. काय करील? पाळकाने प्रार्थना केली, बायकांनी उपास केले, पोर वाळतच चालली. तेव्हा कुणा चुलत्याने कानात सांगितलं, तुझ्या आजोबाला विचार, तो रागावलाय. याने पूर्वजांच्या झाडाखाली बोकड कापला, केळ्यांची दारू ओतली, आणि बोकडाच्या कातड्याची अंगठी करून पोरीच्या बोटात घातली. जुन्या लोकांची रीत. आठव्या दिवशी हाइका गेलीच.

आता खरं सांगू का? माझ्या मोठ्याला ताप होता तेव्हा मीही एक पेला केळीच्या बुंध्याशी ओतला होता. पोटचं पोर तडफडत असलं की माणूस येशूलाही हाक मारतं आणि आजोबालाही. जो ऐकेल त्याचा. पण मी ते कुणाला कळू दिलं नाही. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती, पण तेवढ्या एका गोष्टीत तोंडाला कुलूप.

पंचांची बैठक बसली. जुने पाळक होते तेव्हा, कडक. त्यांनी ऐकारुवाला विचारलं, "पोरीच्या बोटात तुम्ही काय पाहिलंत?" सगळे पंच जमिनीकडं बघत होते. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की तिने म्हणावं, आठवत नाही. प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती म्हणाली, "बोकडाच्या कातड्याची अंगठी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रविवारी त्याचं नाव वाचलं गेलं. संध्याकाळी तो तिच्या दाराशी आला, तेव्हा मी माझ्या कुंपणाशी शेण भरत होते, सगळं ऐकलं.

"ताई, तुला एक 'माहीत नाही' म्हणता आलं नाही?"

"माहीत होतं रे."

"माझी पोर मातीत जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत."

"मला ठाऊक आहे."

"तुला सगळंच ठाऊक असतं. मग तू पंचच राहा. मी जिवंत आहे तोवर माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

तो गेला. ती दारात उभी राहिली, किती वेळ ते मी मोजलं नाही, पण माझं शेण भरून झालं तरी ती तिथंच होती.

बारा वर्षं. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती त्याच्या कुंपणाशी जायची आणि ओरडायची, "सिफुएली, यंदा उभा राहा रे! मी आहे ना शेजारी!" तो आतून भांडं धुतलेलं पाणी भिरकावायचा. सणाला ती कुंपणाच्या दगडावर जेवण झाकून ठेवायची, ते त्याचा कुत्रा खायचा. कुत्रा असा माजला की गावात त्याला पंचांचा कुत्रा म्हणायला लागले. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, कशाला जीव आटवतेस? तो नाही येणार." ती म्हणाली, "नाही आला तर घंटा वाजणार नाही अनांदे. तो हाइकाच्या शेजारी नुसता पुरला जाईल, कुत्र्यासारखा. मी काय तोंड घेऊन मरू?" तिचं एकच मागणं होतं, भावाने मरायच्या आधी कळपात यावं. रात्रंदिवस तेच.

मग एका वर्षी तिला छातीत कफ झाला, आवाज बसला, आणि ती कुंपणाशी गेली नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी सिफुएलीने त्याच्या वरच्या बागेतून मला हाक मारली.

"वहिनी, ताई आजारी आहे का?"

"का? तुम्हाला काय त्याचं?"

"यंदा ओरडली नाही."

मी त्याच्याकडं बघितलं. दाढी पांढरी, गाल आत गेलेले. म्हणाला, "दोन आठवडे वाट बघतोय. म्हटलं मेली की काय."

"अहो, मग पाणी कुणावर भिरकावणार होतात?" मी म्हटलं. पण त्याला हसू आलं नाही. तो वाकला, दोन्ही बागांच्या मधल्या कुंपणातलं इसालेचं एक लांब पान त्याने मुळाशी तोडलं, आणि त्याला गाठ मारून माझ्या हातात दिलं.

इसालेचं पान म्हणजे काय, हे आमच्या डोंगरावर दुधाच्या दाताच्या पोरालाही कळतं. गाठ मारलेलं पान आलं की नाही म्हणता येत नाही. बापाच्या खुन्याने पाठवलं तरी घ्यावं लागतं. नाकारलं तर नाकारणाऱ्याचं घर बसतं. येशूचं नाव डोंगरावर यायच्या आधीपासूनची ही रीत, आणि पाळकांनीही तिला कधी हात लावला नाही. पान तिऱ्हाइताने न्यायचं, द्यायचं, आणि सांगायचं, अमका तुझ्यापुढं वाकलाय. घेणाऱ्याने मग थोड्या दिवसांत त्याच्या घरी जायचं आणि दोघांनी एकाच कोरलेल्या भोपळ्यातून दारू प्यायची. संपलं.

"हे ऐकारुवाला द्या," तो म्हणाला.

"आणि काय सांगू?"

"पान सांगेल."

मी घरी जाऊन रडले. आनंदाने हो.

दुसऱ्या दिवशी नेमका मला उशीर. नवा खांगा नेसले तर त्याला डाग निघाला, तो बदलेपर्यंत मिरवणूक जमली होती. झावळ्यांचा रविवार, सगळ्यांच्या हातात पानं, फांद्या. देवळाच्या फाटकावर केळीची आणि इसालेची कमान बांधायचं काम दर वर्षी ऐकारुवाकडं. ती बाकावर चढलेली, दातांत सुतळी, बसलेल्या आवाजात सगळ्यांवर खेकसत. मला बघून म्हणाली, "आलीस? आता? उपासना काय दुपारच्या जेवणाला आहे?"

मी पान पुढं केलं. तिने वाकून दोन्ही हातांनी ते घेतलं. दोन्ही हातांनी! मी तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली, बँड सुरू झाला. ती वर वळली आणि ते पान तिने कमानीच्या मधोमध, सगळ्यांत वर बांधलं.

मला वाटलं, काय बाई आहे! भावाचं पान हिने मंडळीच्या दारावर चढवलं, सगळ्यांच्या देखत. याहून मोठं घेणं काय असतं? मी पदराने डोळे पुसत आत गेले. साठ वर्षं माझं तोंड कुणाला बंद करता आलं नाही, आणि त्या एका सकाळी मी एक शब्द बोलले नाही.

उपासना संपल्यावर धावत वर गेले. म्हटलं, "घेतलं! दोन्ही हातांनी! कमानीवर बांधलं, सगळ्यांत वर!"

सिफुएली उपड्या हंड्यावर बसला. "कमानीवर?"

"देवाशपथ."

त्याने हाताने नाक पुसलं. "मग दारू लावायला हवी," म्हणाला.

सोमवारी मी लेकीच्या बाळंतपणाला अरुशाला गेले. सहा आठवडे राहिले. आमच्या डोंगरावर तेव्हा फोन एकच, दवाखान्यात, आणि तोही बहुधा मेलेला. तिथं मी नातवाला न्हाऊमाखू घालत होते आणि मनात म्हणत होते, आता बहीण-भाऊ बसले असतील अंगणात, पीत असतील, भांडत असतील.

परत आले तर बसमधून उतरतानाच कळलं, सिफुएलीला लकवा झालाय, आठ दिवस झाले. पिशवी हातात तशीच वर गेले. अंगणात दोन तिवया समोरासमोर मांडलेल्या. भोपळा धुऊन एकीवर उपडा घातलेला. हंड्यातली दारू आंबून गेलेली, वर माश्या. शेजारची एक बाई त्याचं करत होती. ती म्हणाली, "ईस्टरपासून रोज झाडायचा अंगण. कोण येणार आहे म्हणून विचारलं तर बोलायचा नाही. मग तिवया हलवूही देईना."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. तशीच खाली आले. ऐकारुवा गाईपुढं केळीचे बुंधे चिरत होती.

"तू माणूस आहेस की दगड?"

"काय झालं? कधी आलीस?"

"पान घेतलंस आणि गेली नाहीस! इसालेचं पान! तो महिनाभर अंगण झाडत बसला होता आणि तू इथं गाईला चारा घालतेयस! पंच म्हणे!"

"कुठलं पान?"

"मी दिलेलं! कमानीवर बांधलंस ते!"

कोयता तिच्या हातातच राहिला. "ते सिफुएलीचं होतं?"

"मग काय माझ्या बापाचं?"

"तू बोलली नाहीस."

मी पिशवी खाली टेकवली. ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू, "अनांदे, तू बोलली नाहीस. मला वाटलं कमानीसाठी आणलंस. सगळ्यांनीच आणली होती. गाठी तर सगळ्याच पानांना मारलेल्या." मग म्हणाली, "मंगळवारी उतरवून जाळली मी ती."

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. चार थोबाडीत मारल्या असत्या तरी मी उभी राहिले असते. तिने हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि चालायला लागली. त्याच्या उंबऱ्याशी मात्र थांबली. "त्याने बंद केलाय मला."

"पान पाठवलं तेव्हाच उघडला," मी म्हटलं. तेव्हा तिने पाय आत टाकला, बारा वर्षांनी.

त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. उजवा डोळा मिटत नव्हता आणि त्यातून सारखं पाणी गळायचं. शेजारीण येता-जाता कापडाने पुसायची. ऐकारुवा खाली बसली, त्याचा हात घेतला आणि त्यावर कपाळ टेकून बोलायला लागली. "सिफुएली, तुझं पान मिळालं. मला कळलं नाही रे. मी मूर्ख. मिळालं, घेतलं, आले मी. ऐकतोयस का? मी आलेय." पुन्हापुन्हा तेच. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तो छताकडं बघत होता. एक थेंब ओघळला आणि तिच्या मनगटावर पडला. तिने झटकन डोकं वर केलं, तोवर शेजारणीने सवयीने त्याच्या तोंडावरून कापड फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाळकांना आणलं. जुने गेले होते, हे नवे, ऊलोमी, तिशीचे, मऊ स्वभावाचे. ते त्याच्याजवळ बसले, त्याचा चांगला हात हातात घेतला. "भाऊ सिफुएली, कळपात परत यायचं असेल तर माझा हात दाबा."

दाबला! ऐकारुवा ओरडलीच. पाळकांचं तोंड उजळलं. पण माणूस प्रामाणिक, तिथंच घात झाला. त्यांनी उलटंही विचारलं, "यायचं नसेल तर दाबा."

तेव्हाही दाबला. मी त्याच्या मुठीत चमचा दिला, तर तोही तसाच घट्ट धरला. पाळक म्हणाले, "मला कळत नाहीये आई. मी खोटं कसं लिहू?"

गुरुवारी पंच बसले. ऐकारुवाने उभं राहून मागितलं, माझ्या भावाला आहे तसा घ्या. तिने कधी कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. एक म्हातारे पंच म्हणाले, "ऐकारुवा, तो सुतार मरणाला टेकला होता, तेव्हा आम्ही सगळे त्याला घ्यायला तयार होतो. तूच म्हणालीस, स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय नाही. तो तसाच गेला."

"म्हणाले होते मी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग मला आत बोलावलं. पाळकांनी विचारलं, "अनांदेबाई, पान देताना तो काय बोलला? देवाचं, मंडळीचं काही नाव घेतलं का?" त्यांचं पेन कागदावर टेकलेलं, डोळे माझ्यावर. अहो, विनवत होते ते डोळे. साती पंच बघत होते. मी 'हो' म्हणायची खोटी होती. नुसतं 'हो'. बाजारात कालची केळी आजची म्हणून रोज खपवणारी बाई मी! पण समोर ऐकारुवा बसली होती, आणि त्या बाईच्या तोंडाकडं बघून खोटं जिभेवर येत नाही.

"तो म्हणाला, हे ऐकारुवाला द्या," मी म्हटलं. "आणि म्हणाला, पान सांगेल."

पाळकांनी पेन खाली ठेवलं. म्हातारे पंच म्हणाले, मग हा बहीण-भावांमधला मामला, तो मिटला याचा आम्हाला आनंद आहे. मंडळीचं वेगळं. वरच्या धर्माधिकाऱ्यांना पत्र लिहू. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "मला माफ कर गं." ती म्हणाली, "खरं तेच बोललीस. मीही तेच केलं असतं." यापेक्षा थोबाडीत परवडली.

शनिवारी भर दुपारी सिफुएली गेला. पत्राचं उत्तर आलं नव्हतं. आलं ते पुढच्या आठवड्यात, आणि त्यात काय होतं ते पाळकांनी कुणालाच वाचून दाखवलं नाही.

हाइकाच्या शेजारी खड्डा खणला. घंटा नाही. बँडमधले चार जुने सोबती आले, पण वाद्यं घरी ठेवून. रस्त्यावरच टोप्या काढून उभे राहिले. पाळकही आले, झग्याशिवाय, साध्या चौकटीच्या शर्टात. त्यांनी फावडं घेतलं आणि शेवटपर्यंत माती लोटत राहिले. घामाने शर्ट भिजला तरी फावडं दुसऱ्याला देईनात. ऐकारुवाने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता उभी राहिली.

त्यानंतर तिने कुणाला काही विचारलं नाही की दोष दिला नाही. फक्त झोप गेली. गाल बसले. तीनेक आठवड्यांनी आम्ही खालच्या माळावर गवत कापायला गेलो होतो. भारे बांधून झाले आणि ती एकदम म्हणाली, "अनांदे, तू त्याच्या खाटेच्या पायथ्याशी होतीस ना?"

"कधी?"

"मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा. मी त्याला सांगत होते पान मिळालं म्हणून, तेव्हा माझ्या हातावर थेंब पडला. कुठल्या डोळ्यातला?"

मी विळा गवताला पुसत बसले.

"उजव्यातलं गळायचंच," ती म्हणाली. "त्याला अर्थ नाही. पण डाव्यातला असेल तर त्याला कळलं. तू बघत होतीस. कुठला?"

उजवा होता. मी स्वच्छ पाहिलं होतं. डावा डोळा कोरडा होता, छताला लागलेला.

"डावा," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला माझी जीभ ठाऊक आहे, साठ वर्षांची. "ख्रिस्ताच्या नावाने सांग."

"ख्रिस्ताच्या नावाने सांगते. डावा."

ती खाली बसली, गवताच्या भाऱ्याला टेकून, आणि रडली. असं रडली की माळावरची गुरं बघायला लागली. मग तिथंच उन्हात तिला झोप लागली. मी तिच्या तोंडावर सावली पडेल अशी बसून राहिले.

हे झालं. आता मी प्रभुभोजन घेत नाही. ख्रिस्ताच्या नावाने खोटं बोलून त्याच हाताने पेला कसा घेऊ? आणि कबुली द्यायला उभी राहिले तर काय कबूल करू? ते शब्द तिच्या कानावर पडणारच, ती पहिल्या बाकावर बसते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दोन महिने तिने बघितलं. परवा गवताला जाताना वाटेत मला थांबवलंच.

"पेला का टाळतेस?"

"पोट बिघडलंय."

"दोन महिने?"

"वय झालं."

"अनांदे," ती म्हणाली. सिफुएली गेल्यापासून तिचा आवाज मऊ झालाय, तो मला सहन होत नाही. "तू काही केलंयस. काय असेल ते असो. तू उठ, मी येते बरोबर. माफ होत नाही असं काही नसतं गं. हे मला फार उशिरा कळलं. सांग मला."

माझ्या घशापर्यंत आलं. मी तिच्याकडं बघितलं. बाईला झोप लागायला लागलीय, गाल जरा भरलेत.

मी म्हटलं, "तू आधी पाय उचल. ऊन चढलं की गवत कापवत नाही."